एकतीस हिरवी पत्रकं

बोरजाईवाडीच्या शाळेत कुणी तपासायला येणार असं कळलं, की सगळ्या शाळेच्या अंगात यायचं. फळ्याला काळा रंग लागायचा, गैरहजर पोरं शेतातून, बकऱ्यांमागून धरून आणली जायची आणि साहेब जे विचारतील ते चार दिवस आधीपासून घोकून घेतलं जायचं. मुख्याध्यापक ढोबळे सरांनी तर एक नामी रीत बसवली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. वर्गावरची बाई उजव्या हातवाल्यालाच उठवायची आणि साहेब खूश होऊन वहीत चांगला शेरा लिहून जायचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत ढोबळे सरांच्या शाळेला वाईट शेरा म्हणून पडला नव्हता.

पहिलीच्या वर्गाच्या जयमाला वाघमोडेबाई याच तालमीत तयार झालेल्या. बाई लबाड नव्हती. पोरांना जीव लावणारी, कुणाचं नाक पुसणारी, कुणाची वेणी घालून देणारी होती. पण पाहुण्यासमोर घरातला पसारा दाखवत नाहीत आणि साहेबासमोर वर्गातला दाखवत नाहीत, एवढं तिच्या रक्तात भिनलं होतं. त्यात काही वावगं आहे असं तिला एकोणीस वर्षांत कधी वाटलं नाही.

मग शाळेत 'अदमास' आलं.

अदमास म्हणजे दिसायला साधी काचेची पाटी. तिच्यावर एका बाईचा चेहरा येतो आणि काहीतरी बोलतो. भोवती चार चित्रं उमटतात, मूल त्यातल्या एकावर बोट ठेवतं. पण यंत्राचं लक्ष बोटाकडे नसतं. ते डोळ्यांकडे बघत असतं. माणूस डोकं चालवायला लागला की त्याच्या डोळ्याची बाहुली अगदी किंचित, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने मोठी होते. उत्तर ठाऊक असेल तर नजर बोटाच्या आधी तिथे जाऊन बसते. ठाऊक नसेल तर चारही चित्रांवर भिरभिरते. अर्धवट ठाऊक असेल तर बरोबर चित्रावर जाऊन माघारी फिरते. बोट चुकून किंवा नशिबाने बरोबर पडेल, नजरेला तसं सोंग आणता येत नाही. लाखभर मुलांच्या नजरा पाहून पाहून हे यंत्र शिकलं होतं. अकरा मिनिटांत ते सांगायचं, की या मुलाला काय येतं, काय येत नाही आणि जे येत नाही ते कशामुळे येत नाही. समजेना म्हणून, दिसेना म्हणून, की ऐकू येईना म्हणून.

त्यातून निघायचं ते गरजपत्रक. प्रत्येक रकान्यात एक रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मदत हवी, लाल म्हणजे ताबडतोब तज्ज्ञाकडे न्या. या पत्रकावरून पुढची तीन वर्षं त्या मुलाचे धडे ठरायचे. चष्मा कुणाला, वाचा-शिक्षिका कुणाला, दवाखान्याच्या यादीत नाव कुणाचं, सगळं त्यावरूनच. गुण नव्हते, नंबर नव्हता. शिकवायच्या आधीच मुलाची नड ओळखायची, एवढाच हेतू. "ही परीक्षा नाही" असं परिपत्रकात तीनदा लिहिलं होतं. ज्या अर्थी तीनदा लिहिलंय त्या अर्थी ही नक्की परीक्षाच असणार, असा शिक्षकांनी त्याचा अर्थ काढला.

शेजारच्या तालुक्यात अदमास आठवडाभर आधी येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर छत्तीसच्या छत्तीस प्रश्न चित्रांसकट हजर. ढोबळे सरांनी जयमालाला ऑफिसात बोलावलं.

"बाई, पाच दिवस आहेत. करून घ्या."

बाईंनी करून घेतलं. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली, पोरांना ओळीने समोर बसवलं आणि पाच दिवस दुसरं काही केलं नाही. नजर भिरभिरू द्यायची नाही, चित्र दिसलं की त्याच्याकडेच बघायचं, हेसुद्धा घोटून घेतलं. पोरं हुशार. चौथ्या दिवशी ती प्रश्न पुरा व्हायच्या आत बोट ठेवायला लागली.

वर्गात कावेरी बाबर नावाची एक मुलगी होती. सहा वर्षांची, सावळी, तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातलेली. त्या भागातली कितीतरी घरं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कावेरीच्या बापाचं दुकान तिकडे तिरुचीला. पोरगी तिथे नदीकाठच्या शहरात जन्मली म्हणून नाव कावेरी. वर्षापूर्वी आई तिला घेऊन गावी सासऱ्यांजवळ राहायला आली होती. मुलगी फारशी बोलायची नाही, बोललीच तर मधेच "आमा" म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये हो. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. तमिळमध्ये वाढलेली, तिला मराठी कुठून कळणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्यात कुणाचा दोष नव्हता आणि कुणाला काही करावंही लागत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

घोकंपट्टीच्या वेळी जयमालाला तिची एकच गोष्ट खटकली. बाई प्रश्न विचारायला लागल्या की पोरगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.

"तोंडाकडं काय बघतीस गं? माझ्या तोंडावर उत्तर लिहिलंय व्हय? चित्राकडं बघ, चित्राकडं!"

बाईंनी तिची हनुवटी धरून मान वळवली. पाच दिवसांत पंधरा-वीस वेळा तरी वळवली असेल. सहाव्या दिवशी कावेरीने छत्तीस चित्रांचा क्रमच तोंडपाठ केलेला होता. पहिल्याला कणीस, दुसऱ्याला शिडी, तिसऱ्याला रडणारा मुलगा. चेहरा काय बोलतोय याची तिला गरजच उरली नव्हती.

यंत्र घेऊन शाहीन मुलाणी नावाची पंचविशीतली मुलगी आली. पोरं एकेक करून पाटीसमोर बसली आणि उठली. दुपारी तीन वाजता एकतीस पत्रकं तयार झाली. एकतीसही हिरवी.

शाहीन बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, फार शांत डोळे आहेत हो तुमच्या मुलांचे."

जयमालाला ते कौतुक वाटलं. तिने शाहीनला चहाबरोबर आग्रहाने दोन चकल्या जास्त वाढल्या.

ढोबळे सरांचे पाय त्या दिवसापासून जमिनीला लागेनात. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच शाळेची सगळी पत्रकं हिरवी नव्हती. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते, आणि जाता जाता आदर्श शाळेचा मान पदरात पडणार होता. पत्रकांवर हरकत घ्यायची मुदत तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. ती संपली की पत्रकं चौथीपर्यंत कायम. त्याच दिवशी तालुक्याच्या सभागृहात सत्कार ठरला होता.

पंचवीस तारखेला जयमालाला सर्दी-खोकला झाला. पोरांना लागण नको म्हणून ती मास्क लावून वर्गावर आली.

पत्रकांनंतर प्रत्येक पोराला धड्यांची एक पाटी मिळाली होती आणि कावेरीच्या पाटीवरचे धडे एव्हाना भराभर पळत होते. सगळं हिरवं, म्हणून यंत्राने चित्रं काढून टाकली होती, नुसता आवाज आणि खाली चार अक्षरं. पोरगी पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि शेजारणीचं बोट जिथे जाईल तिथे आपलं बोट न्यायची. ती शेजारीणही सारखी सरकून बसायची. "बाई, हिच्या कानाचा वास येतोय," असं तिने दोनदा सांगितलं होतं. बाईंनी तिलाच दटावलं होतं, की असं बोलू नये.

त्या दिवशी जयमाला कावेरीपुढे वाकली आणि म्हणाली, "वही काढ बघू."

कावेरीने नुसतं बघितलं.

"कावेरी, वही. वही काढ."

पोरीचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावर फिरायला लागले. कपाळ, डोळे, निळा मास्क, परत डोळे.  मग तिने एकाएकी हात वर केला आणि बाईंच्या तोंडावरचा मास्क खाली ओढला.

वर्ग हसला. जयमाला हसली नाही. मास्क हनुवटीखाली तसाच ठेवून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ती म्हणाली, "वही काढ."

कावेरीने दप्तरातून वही काढली.

 जयमाला उठून पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली. उजव्या कानाशी टाळी वाजवली. काही नाही. जोरात वाजवली, पुढच्या ओळीतला शुभम दचकला, कावेरी वहीच्या कव्हरावरचं फुलपाखरू बघत होती. डाव्या बाजूला तितक्याच जोरात वाजवली, तेव्हा कुठे तिने मान वळवली. कान बघायला म्हणून जयमालाने तिच्या वेण्या वर उचलल्या. उजव्या कानात कापसाचा बोळा होता, पिवळा पडलेला, आणि कुजल्यासारखा वास येत होता.

हनुवटी धरून वळवलेली ती मान तिला आठवली आणि स्वतःची इतकी किळस आली की ती वर्ग सोडून नळावर गेली.

संध्याकाळी ती बाबरांच्या घरी गेली. कावेरीची आई स्वप्नाली कडबा रचत होती.

"कानातनं पाणी येतंय तिच्या, सहा-सात महिनं झालं," ती म्हणाली. "आबा लसणाचं तेल सोडत्यात. मलाबी वाटायचं बाई, की हिला ऐकू कमी येतंय का काय. रात्रंदिवस जीवाला घोर. पर तुमच्या त्या मशीनमधी हिरवं आलं, तवा जीव भांड्यात पडला माझा."

"आपण दवाखान्यात दाखवू," जयमाला म्हणाली. तिला एवढंच बोलता आलं.

ओसरीवरून सासरे, हणमंतआबा म्हणाले, "आता कशाला दवाखाना? सरकारनं एवढी लाखाची मशीन धाडली, ती काय खोटं बोलंल? मशीन म्हणतीय कान चांगला, तर चांगला."

मोठ्या मिनतवारीने दुसऱ्या दिवशी तिघी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. तरुण डॉक्टर होता, वागायला चांगला. त्याने पोरीचं पत्रक उघडलं.

"श्रवण हिरवं. छत्तीसपैकी छत्तीस शब्द बरोबर ऐकलेत, तेसुद्धा चेहऱ्याकडे न बघता." तो स्वप्नालीकडे बघून हसला. "कान इतका तल्लख असताना आत काही गंभीर असायची शक्यता नाही. सर्दीने पाणी येत असेल. थेंब देतो. कानाचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, त्यांची यादी गरजपत्रकावरूनच लागते, त्यात हिचं नाव बसणार नाही."

एक वाक्य बोलायचं होतं. 'डॉक्टर, ते शब्द तिने ऐकलेले नाहीत, मी पाठ करून घेतलेत.' जयमालाच्या ओठांवर ते आलं. शेजारी स्वप्नाली उभी होती. दाराबाहेर ओळखीचे चार पालक बाकावर बसले होते. तिने थेंबांची चिठ्ठी हातात घेतली. एवढी भित्री आपण कधी झालो, असा प्रश्न तिला येताना एसटीत पडला. उत्तर सोपं होतं, नेहमीच तर होतो.

रात्री तिने शाहीनला फोन लावला.

"एकाच मुलीची तपासणी परत करता येईल का?"

"कारण लिहावं लागतं, बाई."

"समज, एखाद्या पोरीला ऐकू येत नसेल, तर यंत्राला ते कळतंच ना?"

"कळतं. अशी मुलं चित्रांकडे बघतच नाहीत, पाटीवरच्या बाईच्या ओठांकडे बघतात. ओठांवर नजर थांबली की यंत्र आवाज कमी-जास्त करून बघतं आणि बरोबर पकडतं." शाहीनने आवाज खाली आणला. "बाई, पहिलीतल्या मुलांचे डोळे एवढे शांत नसतात. मला त्या दिवशीच संशय आला होता. पण सिद्ध काय करणार? तुम्ही स्वतः लिहून दिलं तरच होतं. शिकवून बसवलं होतं असं लिहिलंत, तर सगळ्या वर्गाची पत्रकं रद्द होतात आणि नवीन प्रश्नांनी तपासणी होते. त्यावर वर्गशिक्षकाचा आणि मुख्याध्यापकाचा, दोघांचे अंगठे लागतात. तीस तारखेला पाचच्या आत."

"आणि मग?"

"मग चौकशी. सेवापुस्तकात नोंद. बदली तर नक्कीच."

पुढचे दोन दिवस जयमालाने यादीतलं काहीच विचारलं नाही. कणीस सोडून जोंधळ्याचं धाट दाखवलं, शिडी सोडून पाळणा दाखवला. वर्गाचं सोंग एका तासात गळून पडलं. शुभम फळ्यावरचं अक्षर ओळखायला उठून फळ्याशी नाक नेत होता. त्याच्याही पत्रकात दृष्टी हिरवी होती. दोघींना पाचच्या पुढे मोजता येत नव्हतं. एक मुलगा 'काल' आणि 'उद्या' यात रोज गोंधळत होता. एकटी कावेरी नव्हती. शेजारच्या तालुक्यातल्या पोरांना जी मदत मिळत होती ती जयमालाच्या वर्गाला मिळणार नव्हती, कारण बाईंनी त्यांच्या तोंडून आम्हाला काही नको म्हणून सांगितलं होतं.

एकोणतीस तारखेला शाळा सुटल्यावर ती ढोबळे सरांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरला गुपचूप गाठा आणि खरं काय ते सांगा. पोरीचं काम होऊन जाईल. झालं की."

"आणि शुभम? बाकीची पोरं?"

"बाकीच्यांना आपण शिकवूच की हो. यंत्र नव्हतं तेव्हा शिकवत नव्हतो?"

"सर, यंत्र नव्हतं तेव्हा आई तरी बघायची. शेजारपाजारचे बघायचे. आता हिरवं दिसलं की कुणी बघतच नाही. मी पण नाही बघितलं."

सरांचा आवाज चढला. "चौतीस वर्षं, बाई! चौतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही मला. उद्या शाल घालतील आणि परवा चौकशी लावतील, असंच पाहिजे ना तुम्हाला? मी अंगठा देणार नाही." त्यांनी शाळेची पाटी पिशवीत टाकली. अर्ज त्याच पाटीवरून जाणार होता.

तीस तारखेला दुपारी सर पाटी घेऊनच सभागृहात गेले. जयमालाने पोरांना सोडलं आणि मिळेल त्या वडापच्या जीपने तालुक्याला निघाली. गाडी भरल्याशिवाय हलेना. ती पोचली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

सभागृहात दोनशे शिक्षक बसले होते. व्यासपीठावर ढोबळे सर, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. भाषण करणाऱ्या साहेबांनी तिला दारात पाहिलं आणि माईकवरच म्हणाले, "अरे वा! या यशाच्या खऱ्या मानकरी आल्या. वाघमोडेबाई, या, वर या. दोन शब्द बोला."

टाळ्या पडल्या.  ढोबळे सरांनी तिच्याकडे बघून मान अगदी हळू डावीकडून उजवीकडे हलवली. 'नको.'

जयमाला माईकपुढे उभी राहिली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं. 

"माझ्या वर्गाची सगळी पत्रकं खोटी आहेत," ती म्हणाली.

टाळ्यांसाठी उचललेले काही हात तसेच राहिले.

"प्रश्न ग्रुपवर आले होते. तुम्हाला सगळ्यांना आले होते. मी ते पाच दिवस पाठ करून घेतले. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, डाव्याने जेमतेम. कान सडत चाललाय. ती ओठ बघून समजून घेत होती. मी तिला सांगितलं, ओठ बघायचे नाहीत. तिची मान मी माझ्या हाताने वळवली. म्हणून यंत्राने तिला चांगलं ठरवलं, आणि यंत्राने चांगलं ठरवलं म्हणून डॉक्टरने तिचा कान बघितला नाही." साहेबांकडे न बघता ती पुढे बोलत राहिली. "काय येत नाही तेच बघायला ते यंत्र आलं होतं. आणि आपण नेमकं तेच लपवलं. मला पत्रकं रद्द करून हवीत."

 मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांनी माईक बंद केला. "बाई, हे काय चाललंय? हे बोलायची ही जागा आहे का?"

कडेला उभी असलेली शाहीन धावत वर आली. "साहेब, मुदतीच्या आत वर्गशिक्षकाने लेखी दिलं तर मला घ्यावंच लागतं. सर, शाळेची पाटी."

ढोबळे सर जागचे उठले नाहीत. शाहीनने त्यांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाटी काढली, अर्ज उघडला, जयमालाने जे सांगितलं ते लिहून घेतलं. जयमालाने अंगठा टेकवला. पाटीवर हिरवी खूण आली आणि खाली दुसरा चौकोन उघडला, मुख्याध्यापकाचा. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

"सर," शाहीन म्हणाली.

दोनशे माणसं बघत होती. सरांनी श्रीफळ मांडीवर घट्ट धरलं होतं. जयमाला त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली, म्हणजे तिचं बोलणं फक्त त्यांनाच ऐकू जावं.

"सर, तिच्या कानाचा वास तुम्ही घेतला नाहीत. मी घेतला. मला नाही हो झोप येत."

  सरांनी श्रीफळ बाजूच्या खुर्चीवर ठेवलं.

"डावा हात वर करणारी पोरं," ते पुटपुटले, "पुढं काय झालं असंल त्यांचं? मी कधी विचारलंच नाही."

त्यांनी अंगठा टेकवला. चार वाजून त्रेपन्न. तिच्याकडे न बघता ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते जयमालाशी कधीही बोलले नाहीत.

नवीन तपासणीच्या वेळी जयमालाला शाळेच्या आवारातही येऊ दिलं नाही. शाहीनने संध्याकाळी फोन करून सांगितलं. एकतीसपैकी बारा हिरवी, सोळा पिवळी, तीन लाल. लालमध्ये पहिलं नाव कावेरीचं. यंत्र पाचव्याच प्रश्नाला थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

कानाच्या पडद्यामागे कातडी वाढत वाढत आतलं हाड खात चालली होती. तीन तास शस्त्रक्रिया झाली. उजव्या कानातली नाजूक हाडं गेलेली होती, त्या कानाचं ऐकणं आता परत यायचं नव्हतं. पण रोग मेंदूकडे सरकायच्या बेतात होता तो तिथेच थांबला, आणि नुकताच पाझरायला लागलेला डावा कान वाचला. कान फुटायला लागला त्या पहिल्या महिन्यात आणलं असतं तर दोन्ही राहिले असते, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिने आणखी गेले असते तर पोरगीच राहिली नसती, हेही म्हणाले.

चौकशी झाली. जयमालाच्या सेवापुस्तकात नोंद झाली आणि बदलीचा हुकूम आला. ज्या दिवशी ती वर्गातलं सामान आवरत होती, त्या दिवशी दुपारी स्वप्नाली दारात येऊन उभी राहिली. कावेरी बरोबर नव्हती. तिचं बोट धरून एक चार-पाच वर्षांची अनोळखी पोर होती.

जयमाला हातातलं सामान ठेवून उठली. "कावेरीची आई, मी... माझ्यामुळं..."

"समदं कळलंय मला," स्वप्नाली म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "तुम्ही इचारलंसा, न्हाई असं न्हाई, दवाखान्यातबी आलासा. पर त्या डॉक्टरपुढं गप का बसलासा? मी शेजारी हुते. तवाच बोलला असता, तर मला हे लोकांच्या तोंडनं ऐकावं लागलं नसतं. माझ्या लेकीचा कान गेला, बाई. मी तुम्हाला कवाच माफ करायची न्हाई."

"नका करू," जयमाला म्हणाली.

 स्वप्नालीने त्या पोरीला पुढे केलं.

"ही धाकटी. बापापाशी तिरुचीलाच हुती, मागल्या आठवड्यात आणलीया. पुढच्या वरसाला पहिलीत घालायची हाय. हिला काय येत न्हाई ते मला खरं खरं सांगणारं माणूस पाहिजे." तिने पदराने पोरीचं तोंड पुसलं. "तुमची बदली कुठल्या गावाला झाली, तेवढं सांगा."